गाभ कशावर टिकतो

एप्रिलचा दुसरा आठवडा उलटला की राहुरी-नेवासा पट्ट्यातल्या गोठ्यांवरून येणाऱ्या फोनचा सूर बदलतो. थंडीत फोन येतात ते गाय माजावर आल्याचे, भरवायला बोलावणारे. उन्हाळ्यात दुपारी बारा-एकच्या सुमाराला फोन वाजतो आणि पलीकडून घाईघाईनं विचारलं जातं, "मॅडम, गाय नुसती धापतीय. दोन महिन्यांची गाभण हाय. गाभ टिकायचं इंजेक्शन देऊन जाता का?"

या भागात पशुवैद्यक म्हणून काम करणाऱ्या डॉक्टरबाईंना या मागणीमागचं गणित आता पाठ झालं आहे. ऊन लागलं की गाईला ताण येतो, ताणाचं संप्रेरक वाढलं की गाभ धरून ठेवणारं प्रोजेस्टेरॉन घटतं, ते घटलं की गाय गाभडते. म्हणून ते बाहेरून भरायचं. गणित सुटसुटीत आहे. औषधाच्या दुकानात त्याचं उत्तर बाटलीत मिळतं, आणि कर्ज काढून गाय घेतलेल्या माणसाला आपण काहीतरी केलं एवढा तरी धीर येतो. पण मधली पायरी चुकीची आहे. ताण आलेल्या गाभण गाईच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन पुष्कळदा घटत नाही; काही तास ते उलट वाढतं. ही गोष्ट गोठ्यागोठ्यांत समजावून सांगण्यात डॉक्टरांचा बराच वेळ जातो. औषधाच्या खर्चापेक्षा त्यांना काळजी असते ती वेगळीच. इंजेक्शन दिलं की सगळ्यांचं लक्ष गाईवरून उठतं, आणि गाभ ज्यामुळे धोक्यात आला ते कारण तसंच राहून जातं.

गाभणतपासणीची सुरुवात खांद्यापर्यंतच्या प्लॅस्टिकच्या हातमोज्यानं होते. मोज्यावर साबणाचं पाणी, मग हात गुदद्वारातून आत. शेण काढून टाकलं की आतड्याच्या भिंतीतून खालचं गर्भाशय चाचपता येतं. दोन महिन्यांच्या गाभण गाईत गर्भाशयाचं एक शिंग दुसऱ्यापेक्षा फुगलेलं लागतं, आतल्या पाण्याची लवलव जाणवते, आणि भिंत हलकेच चिमटीत धरली तर आतला पडदा बोटांतून निसटतो. डॉक्टरांचा हात मग त्याच बाजूच्या बीजांडकोशाकडे वळतो. त्याच्यावर दोन-अडीच सेंटिमीटरचा एक टणक उंचवटा बोटाला लागतो. हा पीतपिंड. ज्या पुटिकेतून बीज बाहेर पडलं, तिच्याच जागी तो तयार होतो. खाटीकखान्यातून आणलेला बीजांडकोश विद्यार्थ्यांसमोर कापला तर तो आतून पिवळसर-केशरी दिसतो. नाव त्यावरूनच पडलं आहे. पूर्वी नको असलेला पीतपिंड पशुवैद्यक हातानंच दाबून काढत. आतून रक्तस्राव व्हायचा, म्हणून ती पद्धत मागे पडली. गाभण गाईचा पीतपिंड असा काढला गेला तर थोड्याच दिवसांत गाभ पडतो, म्हणून डॉक्टर त्याला नुसतं बोट लावून हात मागे घेतात.

या एवढ्याशा गाठीतलं द्रव्य माणसाच्या हाती लागलं त्याला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. अमेरिकेत रोचेस्टर इथं जॉर्ज कॉर्नर आणि विलर्ड ॲलन यांनी १९२९ साली दाखवलं, की गाभण सशिणीचे बीजांडकोश काढून टाकले तरी डुकरिणीच्या पीतपिंडाचा अर्क टोचत राहिलं तर पिलं जगतात. पाच वर्षांत, १९३४ साली, त्या अर्कातलं द्रव्य शुद्ध स्वरूपात हाती आलं. तेच प्रोजेस्टेरॉन.

गाईत हे द्रव्य आपोआप चालू राहत नाही. भरवल्यानंतर सोळाव्या-सतराव्या दिवसापर्यंत गर्भानं आपण आत असल्याची खूण गर्भाशयाला पोचवावी लागते. इंटरफेरॉन-टाऊ नावाचं प्रथिन हे काम करतं. ते पुरेसं मिळालं नाही तर गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन सोडतं, पीतपिंड विरतो, प्रोजेस्टेरॉन कोसळतं आणि एकविसाव्या दिवसाच्या आसपास गाय पुन्हा माजावर येते. मालक म्हणतो, गाय उलटली. खूण वेळेत पोचली तर पीतपिंड टिकतो, आणि पुढे निदान सहा-सात महिने गाभणपणाचा मुख्य भार त्याच्यावर राहतो. शेळीत तो शेवटपर्यंत असतो. मेंढीत दोन महिन्यांच्या आतच वार ते काम हाती घेते. गाय या दोघींच्या मधली.

जास्त दुधाच्या गाईंची यात आणखी एक अडचण आहे. पोटभर खुराक खाणाऱ्या गाईच्या यकृतातून रक्त फार वेगानं फिरतं, आणि तिथं प्रोजेस्टेरॉन भराभर मोडलं जातं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२ साली हे मोजून दाखवलं. म्हणजे हाताला पीतपिंड चांगला भरलेला लागतो आणि रक्तात मात्र प्रोजेस्टेरॉन बेताचंच असतं. वीस-पंचवीस लिटर दुधाची एचएफ गाय वरचेवर का उलटते, याचं एक उत्तर इथं आहे. त्याचा ताणाशी संबंध असेलच असं नाही. गोठ्यात हे सांगताना डॉक्टरांना सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण "चांगलं खायला घातलं म्हणून प्रोजेस्टेरॉन कमी" हे कुणाला पटत नाही. त्या खुराक कमी करायला कधीच सांगत नाहीत. फक्त एवढंच म्हणतात, की दरवेळी दोष उन्हाला किंवा रेताच्या कांडीला देऊ नका.

आता ताणाकडे.

बाजारातून गाभण गाय आणायची पद्धत या भागात जुनी आहे. घोडेगाव, लोणीचे बाजार जवळ आहेत, आणि बंगळूर, पंजाबकडूनही गाई येतात. अशीच एक सात महिन्यांची गाभण गाय एका तरुण जोडप्यानं घेतली. टेंपोत दोन गाई आखूड दाव्यानं बांधलेल्या, खाली पेंढा नाही, ओल्या फळीवरून पाय घसरत आलेले. उतरवायला उतरणही नव्हती. मागून शेपूट पिरगाळलं आणि गाईनं खाली उडी घेतली. डॉक्टर पोचल्या तेव्हा तिच्या मांडीचे स्नायू थरथरत होते, शेण पाण्यासारखं पातळ झालं होतं, डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. घरची सून गव्हाणीजवळ उभी होती. तिनं हळूच विचारलं, "मॅडम, हिचं पोटातलं राहील का ओ?"

त्या क्षणी त्या गाईच्या शरीरात काय चाललं असेल, हे समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. भीती वाटली की मेंदूतून निरोप सुटतो, पियुषिका ग्रंथी एसीटीएच नावाचं संप्रेरक सोडते, आणि मूत्रपिंडाच्या टोकाशी बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कामाला लागतात. त्या कॉर्टिसॉल तयार करतात. साखर रक्तात आणणं, दाह आवरणं, शरीराला तगवून नेणं ही कॉर्टिसॉलची कामं. हान्स सेली या शास्त्रज्ञानं १९३६ साली कॅनडातल्या मॉन्ट्रियल इथून या ताण-प्रतिसादाची आपली पहिली नोंद प्रसिद्ध केली, आणि ती निघाली होती प्रजनन-संप्रेरकांच्या शोधातूनच. तो उंदरांना बीजांडकोशाचे आणि वारेचे अर्क टोचत होता. उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी सुजल्या, जठरात व्रण पडले. नवीन संप्रेरक सापडलं असं त्याला वाटलं. पण थंडीत ठेवलेल्या, जखमी केलेल्या, दमवलेल्या उंदरांतही तेच दिसलं. शरीर कोणत्याही संकटाला एकाच ठरावीक पद्धतीनं तोंड देतं, ही कल्पना तिथून पुढे आली.

यातली महत्त्वाची बाब रसायनशास्त्राची आहे. अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल बनवते तेव्हा वाटेत प्रोजेस्टेरॉन तयार होतं. कॉर्टिसॉल हे त्याच्याच पुढच्या टप्प्यांवर घडतं. कारखाना जोरात चालू झाला की अर्धवट तयार मालातला काही रक्तात सांडतो. म्हणून बीजांडकोश काढलेल्या गाईला एसीटीएच टोचलं तरी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन वाढतं. आणि वाहनातून नेलेल्या ब्राह्मन जातीच्या गाईंत कॉर्टिसॉलबरोबर तेही वाढलेलं आढळलं आहे. विस्कॉन्सिनमध्येच नील फर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली यापुढची गोष्ट प्रसिद्ध केली. गाभणपणाच्या उत्तरार्धात पीतपिंड नसला तरी गाईचा गाभ टिकून राहू शकतो, आणि तो टिकवण्यात अधिवृक्क ग्रंथींच्या प्रोजेस्टेरॉनचा वाटा असतो. भीतीच्या वेळी धावून येणारी ग्रंथीच गाभाला आधार देते, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा डॉक्टरांना फार बरं वाटलं होतं. गाईचं शरीर इतकं दुबळं नाही, असं त्या म्हणतात.

टेंपोतून उतरलेल्या गाईला त्यांनी कोणतंही इंजेक्शन दिलं नाही. कळपापासून वेगळं, सावलीत, खाली वाळलेला पाला घालून बांधायला लावलं. गूळ-मीठ घातलेलं पाणी बादलीनं समोर ठेवलं, आणि घरच्या मंडळींना सांगितलं की आज तिच्याजवळ कुणी पाहुणा आणू नका. योनीतून लाल स्राव येतोय का, ताप चढतोय का, वैरण खातेय का, एवढंच बघायचं. संध्याकाळी ती रवंथ करायला लागली. पुढे ती वेळेवर व्याली. एका गाईवरून काही सिद्ध होत नाही, हे त्याच आधी सांगतात. टेंपोचा प्रवास निरुपद्रवी असतो असाही त्याचा अर्थ नव्हे. घसरून पोटावर पडणं, तासन्‌तास पाणी न मिळणं, बाजारात दुसऱ्या जनावरांचा आजार लागणं ही गाभ पडण्याची खरीखुरी कारणं आहेत. ती सगळी टाळता येतात, आणि टाळायला प्रोजेस्टेरॉनची बाटली लागत नाही.

मग गाभ पडतो कशामुळे? डॉक्टर यावर एक वेगळाच प्रसंग सांगतात. आठ महिने उलटून गेलेली एक गाय दुपारी अचानक व्याली. वासरू अंगानं किरकोळ, अंगावरचे केस तोकडे, चोखायची ताकद नाही. वार अडकलेली. मालकाचं म्हणणं, ऊन सोसलं नाही. डॉक्टर गोठ्यात हात धुवायला वळल्या आणि भिंतीच्या देवळीत एक रिकामी बाटली दिसली. डेक्सामेथासोन. दोन दिवसांपूर्वी गाईच्या पायाला सूज होती, ताप होता, म्हणून कुणाकडून तरी ते टोचून घेतलेलं. गाय दुसऱ्या दिवशी तरतरीत दिसली, वैरण खायला लागली, म्हणून सगळे खूश होते.

डेक्सामेथासोन हे कॉर्टिसॉलच्याच कुळातलं, त्याहून कितीतरी प्रबळ औषध आहे. शेवटच्या महिन्याच्या आसपास गाभण गाईला ते दिलं तर दोन-तीन दिवसांत ती वेळेआधी विऊ शकते, कारण गाईच्या विण्याला सुरुवात होते तीच मुळी कॉर्टिसॉलनं. मात्र ते गाईचं नसतं, पोटातल्या वासराचं असतं. हे कोडं सोडवलं ऑकलंडच्या ग्रॅहम लिगिन्स यांनी. ते माणसांचे, बाळंतपणाचे डॉक्टर. १९६० च्या दशकात त्यांनी मेंढीच्या पोटातल्या कोकरांवर काम केलं. कोकराची पियुषिका ग्रंथी निकामी केली तर मेंढी दिवस भरूनही वीत नसे. कोकराला एसीटीएच किंवा कॉर्टिसॉल दिलं तर ती लवकर वीत असे. गाईतही वासराच्या अधिवृक्क ग्रंथी पक्व झाल्या की त्यांचं कॉर्टिसॉल वारेतली यंत्रणा पालटतं, प्रोजेस्टेरॉनऐवजी इस्ट्रोजेन बनू लागतं, प्रोस्टाग्लँडिन सुटतं, पीतपिंड विरतो, आणि व्यायच्या एक-दोन दिवस आधी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तळाला जातं. याच कामातून लिगिन्स यांच्या लक्षात आलं, की अपुऱ्या दिवसांच्या कोकरांची फुप्फुसं अपेक्षेपेक्षा जास्त उघडलेली आहेत. १९७२ साली त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी २८२ मातांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. अपुऱ्या दिवसांत बाळंत होऊ घातलेल्या बाईला आज कोणत्याही मोठ्या रुग्णालयात स्टेरॉइडची जी इंजेक्शनं देतात, त्यांचा उगम या मेंढ्यांच्या गोठ्यात आहे.

इथं एक शंका येतेच. मग गाईचं स्वतःचं, भीतीनं वाढलेलं कॉर्टिसॉल तिला का व्यायला लावत नाही? वारेत एक विकर असतं. आईकडून येणाऱ्या कॉर्टिसॉलचा बराचसा भाग ते निष्प्रभ करून टाकतं. डेक्सामेथासोनवर त्याचं फारसं काही चालत नाही. गाईची भीती दाराशी अडते, सुईतून आलेलं औषध आत पोचतं. न्यूझीलंडमध्ये एकेकाळी सगळ्या कळपाची वेतं एका वेळी यावीत म्हणून अशी इंजेक्शनं सर्रास दिली जात. अपुऱ्या दिवसांची वासरं मरत, म्हणून जून २०१५ पासून तिथं ही पद्धत बंद करण्यात आली. आपल्याकडे ही इंजेक्शनं वेतं जुळवायला कुणी देत नाही. ती तापावर, सुजेवर, खाणं सोडलेल्या गाईला दिली जातात, आणि देणाऱ्यानं ती किती महिन्यांची गाभण आहे हे विचारलेलंही नसतं. म्हणून डॉक्टरांनी त्यांच्या भागातल्या घरांना एक सवय लावली आहे. भरवल्याची तारीख गोठ्याच्या खांबावर खडूनं लिहायची. सुई घेऊन कुणीही आलं तरी आधी ती तारीख दाखवायची.

दुसरं मोठं कारण ताप. २०२२ च्या ऑगस्टपासून महाराष्ट्रात लम्पी पसरला तेव्हा अंगभर गाठी आलेल्या, १०५-१०६ फॅरेनहाइट ताप असलेल्या गाभण गाई या पट्ट्यानं पाहिल्या. त्यांतल्या काही गाभडल्या. जोराचा ताप, कासेचा दाह किंवा गर्भाशयातला जंतुसंसर्ग अंगात असला की प्रोस्टाग्लँडिन सुटू लागतं, आणि पीतपिंड त्यालाच बळी पडतो. अशा वेळी प्रोजेस्टेरॉन खरंच घटतं. पण ते घटणं हा परिणाम असतो. ताप उतरवणं, जंतू आवरणं, गाईला पाणी पाजणं हे खरं काम. त्या दिवसांत डॉक्टर रात्री उशिरापर्यंत सलाइनच्या बाटल्या घेऊन फिरत होत्या. त्या काळाबद्दल त्या फार बोलत नाहीत.

आणि ब्रुसेला. पाचव्या महिन्यानंतर गाभ पडला, त्यातही एकाच गोठ्यात दोन गाईंचा, की त्यांच्या मनात पहिली शंका हीच येते. पडलेला गाभ आणि वार उघड्या हातानं उचलू नका, कुत्र्यांना टाकू नका, चुना घालून खोल पुरा, आणि गाईच्या रक्ताचा नमुना तपासायला द्या, हे त्या प्रत्येक वेळी सांगतात. हा रोग माणसाला होतो; महिनोन्‌महिने येणारा-जाणारा ताप आणि सांधेदुखी मागे लागते, आणि गोठ्यात बहुतेक वेळा वार ओढणारा हात घरातल्या बाईचाच असतो. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना यावरची लस एकदाच टोचतात, आणि २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमातून ती मोफत मिळते. अशा गोठ्यात "ताणानं गाभडली" म्हणून प्रोजेस्टेरॉन टोचत राहणं म्हणजे रोगाला घरात मोकळं सोडणं. याबाबतीत डॉक्टरांचा आवाज चढतो, आणि तो चढायलाच हवा.

उन्हाचं काय, हा प्रश्न उरतोच, कारण उन्हाळ्यात गाई कमी गाभण राहतात हे प्रत्येक दूधवाला डोळ्यानं पाहतो. फ्लोरिडा विद्यापीठातल्या पीटर हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली याची एक नेमकी बाजू दाखवली. भरवल्यानंतरच्या पहिल्या दिवशी गाईला उष्णतेचा ताण दिला तर गर्भांची वाढ खुंटते. तिसऱ्या, पाचव्या, सातव्या दिवशी दिला तर तसा परिणाम दिसत नाही. एक-दोन पेशींचा गर्भ उष्णता सोसू शकत नाही, पुढे तो कणखर होतो. प्रोजेस्टेरॉनबद्दलचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. थोड्या तासांच्या उष्णतेत ते वाढलेलं दिसतं, महिनोन्‌महिन्यांच्या उन्हाळ्यात काही ठिकाणी ते घटलेलं दिसतं. अधिवृक्क ग्रंथींची तात्पुरती भर आणि पीतपिंडाचा हळूहळू होणारा उतार अशा दोन गोष्टी त्यात मिसळलेल्या आहेत. डॉक्टर त्यातून व्यवहाराची गोष्ट घेतात. मे महिन्यात गाय भरवायची तर पहाटे किंवा दिवस मावळल्यावर, आणि त्यानंतरचे दोन दिवस तिला उन्हाचा चटका लागू द्यायचा नाही. गाय मिनिटाला साठपेक्षा जास्त श्वास घेत असेल तर ती तापलेली आहे, हे ओळखायला कोणतंही यंत्र लागत नाही; बरगडीकडे बघून घड्याळात एक मिनिट मोजलं की झालं.

फ्लोरिडातच त्याआधी, १९८२ साली, शेवटच्या तीन महिन्यांतल्या गाभण गाईंवर काम झालं होतं. काही गाई सावलीत, काही उघड्यावर. उघड्यावरच्या गाईंची वासरं जन्मतः सुमारे ३ किलोंनी हलकी भरली, आणि त्या गाईंच्या रक्तात वारेकडून येणारं एक इस्ट्रोजेन-संप्रेरकही कमी आढळलं. म्हणजे गाभ पडला नाही, पण वार अपुरी राहिली. पुढे त्याच विद्यापीठात जेफ्री डाल यांच्या गटानं आटवलेल्या गाईंना पंखे आणि पाण्याचे फवारे लावून पाहिलं. व्याल्यावर त्या गाईंनी, न थंडावलेल्या गाईंपेक्षा, काही प्रयोगांत दिवसाला ५ किलोपर्यंत जास्त दूध दिलं. उन्हात राहिलेल्या गाई काही दिवस आधी व्याल्या. त्यांच्या पोटी जन्मलेल्या कालवडी मोठ्या झाल्यावर त्यांनीही कमी दूध दिलं.

डॉक्टरांच्या मते या सगळ्या माहितीतली आपल्या कामाची गोष्ट ही आहे. या पट्ट्यातल्या जवळजवळ प्रत्येक गोठ्यात पंखा असतो तो दुभत्या गाईंवर. गाय आटवली की ती पत्र्याबाहेर जाते, बांधाच्या कडेला, एखाद्या बाभळीच्या विरळ सावलीत, कारण ती दूध देत नाही. खुराक तोडला जातो, पाणी दिवसातून दोनदा. वासराच्या वजनातली मोठी भर व्यायच्या आधीच्या याच दोन महिन्यांत पडते, आणि पुढच्या वेताची कास याच दिवसांत घडते. मे महिन्यात नगर जिल्ह्यात पारा चाळिशीच्या वर असतो. लहानशी वासरं, अडकलेल्या वारा, व्याल्यावर न वाढणारं दूध असे डॉक्टरांना पावसाळ्यात बोलवायला लावणारे अनेक प्रश्न त्यांच्या मते याच बाभळीखाली सुरू झालेले असतात. हे त्यांचं क्षेत्रातलं निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. पण फ्लोरिडाचे आकडे वाचल्यावर ते बाजूला सारता येत नाही.

माणसांच्या वागण्याचाही यात भाग आहे. टेक्सासमधल्या संशोधकांनी गाभण ब्राह्मन गाईंना दुसऱ्या ते पाचव्या महिन्यादरम्यान पाच वेळा, दर वेळी दोन तास, वाहनातून फिरवलं. गाभ टिकले. पण त्या गाईंची वासरं इतर वासरांपेक्षा जास्त बुजरी, हाताळायला अवघड निघाली. डॉक्टर हे उदाहरण खास करून गोठ्यातल्या पोरांना सांगतात. काठी उगारणं, शेपूट पिरगाळणं, दूध काढताना मोबाइलवर कर्कश गाणी लावणं यानं गाभ पडेल अशी भीती त्या घालत नाहीत, कारण ती खरी नाही. उद्या तुलाच या वासराला वेसण घालायची आहे, एवढंच त्या म्हणतात. भीतीपेक्षा ते जास्त पटतं.

आटवलेली गाय बाभळीखाली बांधणाऱ्या अशाच एका घरी गेल्या उन्हाळ्यात बदल झाला. घरच्या आजींनी आधी विरोध केला. भाकड गाईला पंखा म्हणजे विजेची उधळपट्टी, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांनी वाद घातला नाही. दुपारी दोन वाजता आजींनाच बाभळीखालच्या गाईजवळ नेलं आणि बरगडी मोजायला लावलं. आजींनी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि नातवाला हाक मारली. गोठ्याच्या पूर्वेला बांबू रोवून हिरवी शेडनेट बांधली गेली, दावं सोडून आटवलेल्या गाई कुंपणात मोकळ्या ठेवल्या, पाण्याची सिमेंटची टाकी सावलीत सरकवली. फलटणकडे मुक्त गोठे पाहून आलेल्या नातवाला ते आधीपासून करायचं होतंच. जुना पेडेस्टल पंखा दुरुस्त करून आणला. दुपारी तीनदा पाठीवर पाइपनं पाणी, मग पंखा. नुसतं पाणी मारून भागत नाही, ओली पाठ वाऱ्यानं वाळली तरच गाय थंड होते, हे आजी आता शेजारणींना सांगतात. प्रोजेस्टेरॉनची बाटली त्या घरात या वर्षी आली नाही. तिथल्या दोन कालवडी येत्या जूनमध्ये पहिल्यांदा व्यायच्या आहेत, आणि एप्रिलच्या आत शेडनेट आणखी दहा फूट पुढे न्यायचं घरात ठरलं आहे.